वाफेच्या गाडीने परत यायचंय? मग वॉकला निघताना या चुका टाळा

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमध्ये गोथलंडहून ग्रोमंटपर्यंत चालत जायचं आणि तिथून नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेच्या वाफेच्या गाडीने परत गोथलंडला यायचं, हा बेत आमच्या ओळखीत दर उन्हाळ्यात कुणीतरी काढतंच. वाट साडेतीन मैलांची, म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या आसपास, बहुतेक उतारच, लहान मुलांनाही जमते. इतका सोपा वॉक असूनही लोक त्याच त्याच चुका करतात आणि मग दिवस खराब झाला म्हणतात, ते ऐकून ऐकून कंटाळा आला म्हणून हे लिहितेय.

शेवटच्या गाडीवर बेत बांधणं

सगळ्यात मोठी चूक ही. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे चार वाजले तरी माणसाला दुपारच वाटते आणि सगळे निवांत बसून राहतात. पण ही हेरिटेज लाइन आहे, म्हणजे जुनी रेल्वे जपायची म्हणून चालवलेली, बरीचशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालते, तिची शेवटची गाडी अंधार पडायची वाट बघत नाही, चांगलं ऊन असतानाच निघून जाते. पुढची थेट दुसऱ्या दिवशी.

मागे एकदा एका मोठ्या ग्रुपबरोबर गेले होते, आजी-आजोबांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे. बेत ज्या दादांनी आखला होता त्यांना फोनने सव्वा तास दाखवला, म्हणून शेवटच्या गाडीच्या दोन तास आधी निघायचं ठरलं. मी म्हटलं, दादा, फोनचा हिशोब एकट्या माणसाचा असतो, एवढ्या सगळ्यांना वेळ लागेल, तर म्हणे अगं उतारच आहे, होतंय. मग गोथलंडचं स्टेशन सिनेमात आलेलं म्हणून तिथे प्रत्येकाचे फोटो, मग कुणाला तरी मॅलियन स्पाउट धबधबा आठवला. धबधबा सुंदर आहे, वीसेक मीटर उंचीवरून पाणी पडतं, पण तो वाटेवर नाही, बाजूला खाली उतरावं लागतं आणि शेवटी ओढ्याच्या काठाने ओल्या, शेवाळलेल्या दगडांवरून जावं लागतं. निम्म्या लोकांच्या पायात गुळगुळीत तळाचे पांढरे स्पोर्ट्स शूज. एक काकू घसरून बसल्या, लागलं नाही पण घाबरल्या, मग त्यांना दोन्ही बाजूंनी धरून पावलापावलाने वर आणलं. पुढे बेक होलला जुना, छोटासा पब आहे आणि समोरच्या हिरवळीवर लोखंडी कड्या फेकून खेळतात तो क्वॉइट्सचा खेळ चालू होता, तिथे पोरं हलेचनात. ग्रोमंटच्या अलीकडे इंजिन शेडच्या वरच्या अंगाला आम्ही होतो तेव्हा खालून गाडी निघाली. पोरं आनंदाने तिला हात हलवत होती, त्यांना कळलंच नाही की ही आपलीच गाडी. मोठ्यांचे चेहरे बघवत नव्हते.

आमच्या मोटारी सगळ्या वर गोथलंडला लावलेल्या. टॅक्सीसाठी अर्धा तास फोनाफोनी झाली, एकही मिळाली नाही. शेवटी ज्यांचे पाय शाबूत होते असे दोघं किल्ल्या घेऊन आल्या वाटेने परत चढून गेले आणि मोटारी खाली घेऊन आले, तोवर बाकीचे उरलेले धपाटे खात बसले. तुमच्यावर ही वेळ आलीच तर पहिल्या पाच मिनिटांत हेच करा, सगळ्या ग्रुपला परत चालवू नका आणि टॅक्सीच्या नादात उजेड घालवू नका.

माझी पद्धत अशी. शेवटून दुसरी जी गाडी असते ती आपली समजायची आणि सगळ्यांना तीच वेळ सांगायची, शेवटच्या गाडीचं नावच काढायचं नाही. मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर तासाला दीड-दोन मैलांच्या वर वेग धरायचा नाही, थांबे त्यात वेगळे मिळवायचे, आणि ग्रोमंटला गाडीच्या अर्धा तास आधी पोचायचं. तिकिटं सगळ्यात मागे चालणाऱ्याकडे द्यायची, म्हणजे पुढचे पळत सुटत नाहीत. धबधबा बघायचाच असेल तर सकाळी लवकर या आणि वॉक सुरू करायच्या आधीच बघून घ्या.

उलट दिशेने जाणं

बरेच जण आधी गोथलंडहून गाडीने खाली ग्रोमंटला जातात आणि मग चालत वर येतात, किंवा ग्रोमंटहून चढत गोथलंडला येतात आणि गाडीने खाली उतरतात. चालेल, कुणी अडवत नाही. पण मग या लाइनची खरी मजा हातची जाते असं माझं ठाम मत आहे. तुम्ही ज्या वाटेने चालता ती जॉर्ज स्टीफन्सनने आखलेली 1836 ची मूळ रेल्वेलाइन. तेव्हा तिच्यावरचे डबे घोडे ओढायचे, आणि बेक होल ते गोथलंड हा चढ इतका उभा की तिथे डबे दोराने वर खेचायला लागायचे. पुढे वाफेची इंजिनं आली तरी त्या चढावर दोरच राहिला, शेवटी 1865 मध्ये तो चढ टाळून बाजूने नवीन लाइन टाकली आणि जुनी सोडून दिली. तुमची परतीची गाडी धावते ती या नव्या लाइनवर. नवी म्हणायची, पण चढ तिथेही 1 ला 49 आहे, म्हणजे 49 फूट पुढे गेलं की एक फूट वर. ग्रोमंटहून भरलेले डबे घेऊन वर येताना इंजिनाला खरी मेहनत पडते, प्रत्येक फुसकारा वेगळा मोजता येतो, दरीत घुमतो. खाली उतरताना तेच इंजिन जवळजवळ गप्प असतं. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, तो गप्प इंजिनामागे कशाला घालवायचा? म्हणून पायी उतरा आणि गाडीने चढा. दोराचा तो उतार पायाखालून गेलेला असला की नवी लाइन का टाकावी लागली हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

वाफेचं इंजिन असेलच असं धरून चालणं

रोज प्रत्येक गाडीला वाफेचं इंजिन नसतं आणि हिवाळ्यात तर बरेच दिवस गाड्याच नसतात. कोरड्या उन्हाळ्यात मूरवरचं, म्हणजे इथल्या उघड्या माळावरचं, हेदर नावाचं झुडूप वाळलेलं असतं, इंजिनातून उडालेल्या ठिणगीने आग लागू शकते, मग वाफेऐवजी डिझेल लावतात. यावर स्टेशनवरच्या माणसांशी वाद घालणारे लोक मी पाहिलेत, फार वाईट वाटतं. ब्रिटिश रेल्वेने 1965 मध्ये बंद केलेली ही लाइन लोकांनी खपून 1973 मध्ये पुन्हा सुरू केली, ती आगीत घालायची का? आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी, दोन्ही वेळा टाइमटेबल बघा. महिन्यापूर्वी काढलेल्या स्क्रीनशॉटवर कुणीही विसंबू नका.

बाकी छोट्या गोष्टी. कागदी नकाशा घ्या, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल 27 क्रमांकाचा, दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. गोथलंडला मेंढ्या गावात मोकळ्या फिरतात, त्यांना पोळीचे तुकडे घालू नका. बाबागाडी आणू नका, बाळाला पाठीवर घ्या. पांढरे कपडे नकोत, कोळशाची काजळी उडते, आणि खिडकीतून डोकं तर अजिबात बाहेर काढायचं नाही, मग रील राहिली तरी चालेल. मोठ्या ग्रुपने एकाच डब्यात बसायचा हट्ट धरू नये, दोन-तीन डब्यांत वाटून घ्या आणि प्रत्येक डब्यात उतरायचं स्टेशन माहीत असलेला एक जण ठेवा.

आणि ग्रोमंटला प्लॅटफॉर्म नीट वाचा. तिथून एका बाजूला व्हिटबी आणि दुसऱ्या बाजूला पिकरिंग, वाफेच्या गाड्या दोन्हीकडे जातात, शिवाय मिडल्सब्रोहून येणारी रोजची साधी गाडीही तिथेच थांबते आणि तिचं तिकीट वेगळं. आपल्याला पिकरिंगकडची हवी. धूर दिसला की धावत जाऊन चढू नका, आधी दारातल्या गार्डला विचारा, गोथलंड का?