तळ्यातल्या थेंबाचे फोटो धूसर येतात? कॅमेरा बदलण्याआधी या चुका टाळा

मागच्या रविवारी रामबागेतल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा मायक्रोस्कोप पोत्यात गुंडाळून घरी घेऊन आला. बारावीत आहे. टेबलावर ठेवत म्हणाला, "काका, कॅमेरा पार बेकार निघाला. नवा घ्यावा लागणार."

लॅपटॉपवर राखाडी धुकं होतं आणि त्यात चपलेच्या आकाराचं काहीतरी सरकत होतं. कॅमेऱ्याला मी हातच लावला नाही. खाली उतरलेला कंडेन्सर, म्हणजे स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग, वर चढवला, त्याच्यातली आयरिस ही उघडमीट होणारी झडप थोडी मिटली, थेंबावरच्या पातळ काचेच्या, म्हणजे कव्हरस्लिपच्या कडेला टिपकागदाचं टोक लावून जादा पाणी ओढून घेतलं. त्याच कॅमेऱ्यात पॅरामिशियम या एकपेशीय जिवाच्या अंगभर हलणारे बारीक केस दिसायला लागले. पोरगं खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लावून उभं राहिलं.

इंदूरमध्ये हा छंद करणारे आम्ही थोडेच, पण माझ्याकडे जी तक्रार येते ती बहुतेक वेळा कॅमेऱ्याचीच असते, आणि दोष निघतो दिव्यात नाहीतर थेंबात. कमी पैशांत हे काम करायचं असेल तर कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्या.

मेगापिक्सेलचा मोह

मी पहिला यूएसबी कॅमेरा घेतला तेव्हा खोक्यावर मोठ्ठा आकडा होता. आतला सेन्सर निघाला २ मेगापिक्सेलचा, बाकीचं चित्र सॉफ्टवेअरने फुगवलेलं. वाईट वाटलं, पण हिशेब मांडल्यावर कळलं की २ मेगापिक्सेलमध्येही काम छान होतं.

हिशेब असा. साध्या विद्यार्थी मायक्रोस्कोपच्या ४०च्या ऑब्जेक्टिव्हचं, म्हणजे चित्र ४० पट मोठं करणाऱ्या स्लाइडजवळच्या भिंगाचं, न्यूमरिकल ॲपर्चर (बारकावे पकडायची ताकद सांगणारा आकडा) ०.६५ असतं. हिरव्या प्रकाशात ते साधारण अर्ध्या मायक्रॉनवरचे दोन ठिपके वेगळे दाखवतं; मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. हे अंतर ४० पट मोठं होऊन सेन्सरवर पोचतं तेव्हा २० मायक्रॉन होतं, आणि ते पकडायला १० मायक्रॉनचा पिक्सेल पुरतो. स्वस्तातल्या सेन्सरचे पिक्सेलही याहून कितीतरी लहान असतात. जो तपशील भिंगातून आलाच नाही, तो जास्त पिक्सेल घेऊन येणार कुठून?

खरी अडचण वेगळी आहे. छोट्या सेन्सरला दृश्याचा फक्त मधला तुकडा दिसतो, त्यामुळे "फारच झूम झालंय" असं वाटतं. त्यासाठी ०.५चा रिड्यूसर (चित्र लहान करून सेन्सरवर जास्त भाग बसवणारं भिंग) लावा, किंवा सरळ ४च्या ऑब्जेक्टिव्हवर या. कॅमेरा आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या जागी बसतो, म्हणून मागवण्याआधी त्या नळीचा व्यास मोजा. साध्या मायक्रोस्कोपची नळी २३.२ मिलीमीटरची असते, दोन डोळ्यांनी उठाव दाखवणाऱ्या स्टिरिओ मायक्रोस्कोपची बहुधा ३० किंवा ३०.५ची.

व्हिडिओ अडखळत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये वायूवाय२ (YUY2, न आवळलेलं चित्र) ऐवजी एमजेपीईजी (MJPEG, आवळलेलं) निवडा. फुल एचडीची ३० चित्रं दर सेकंदाला न आवळता पाठवायची तर सेकंदाला जवळपास १००० मेगाबिट लागतात, आणि यूएसबी २.०चा कागदावरचा वेगच ४८० मेगाबिट आहे. यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही.

दिवा आणि त्याच्या वरची मंडळी

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. चित्र उजळ आहे म्हणून कंडेन्सर खाली उतरवणं आणि आयरिसने उजेड कमी-जास्त करणं, या दोन्ही चुका जवळजवळ प्रत्येक जण करतो. उजेड कमी करायचा तर दिव्याच्या बटणाने करा. आयरिसचं काम वेगळं आहे: ती मिटली की उठाव वाढतो पण बारकावे जातात, आणि प्रत्येक कडेला जाड काळी रेघ येते. सताड उघडली की पारदर्शक जीव उजेडात विरघळून जातात.

मधली जागा शोधायची जुनी रीत अशी. स्लाइड फोकसमध्ये आणा, आयपीस काढा आणि रिकाम्या नळीतून खाली बघा. उजेडाची गोल चकती दिसेल. आयरिस हळूहळू मिटत न्या, आणि चकतीचा साधारण तीन चतुर्थांश भाग उजळ राहिला की थांबा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करायचं.

पडद्यावर आडवे पट्टे सरकत असतील तर तो दिव्याचा लुकलुकाट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मेनवर चालणारा हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवून बघा, नाहीतर पॉवर बँकवर चालणारा साधा एलईडी लावा. महाराणी रोडवर सुटे एलईडी मिळतात. फक्त मंद करायची सोय असलेला घेतलात तर आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, काही दिवे मंद केल्यावरच लुकलुकायला लागतात. हॅलोजन मात्र नकोच. त्याच्या उष्णतेने थेंबही सुकतो आणि थेंबातले जीवही मरतात.

वेबकॅमचं भिंग काढून घरगुती कॅमेरा केला आणि रंग गुलाबी यायला लागले, तर भिंगाबरोबर इन्फ्रारेड गाळणीही निघून गेली आहे. एलईडीच्या उजेडात हा त्रास बराच कमी होतो.

काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे जीव हवे असतील तर खर्च शून्य. काळ्या जाड कागदाच्या १० ते १६ मिलीमीटरच्या दोन-तीन चकत्या कापा, कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या कड्यात काचेवर मधोमध ठेवून बघा आणि जी जमेल ती वापरा. आयरिस पूर्ण उघडी हवी. ती अर्धी मिटलेली असली तर काहीच दिसत नाही आणि माणूस कागदाला दोष देतो. ४ आणि १०च्या ऑब्जेक्टिव्हवर हे सुंदर जमतं, ४०वर बहुधा नाही.

थेंब

कव्हरस्लिप न लावता ४०चं ऑब्जेक्टिव्ह खाली आणू नका. त्याचं टोक आणि काच यांच्यात जेमतेम अर्धा-पाऊण मिलीमीटर अंतर उरतं, उघडा थेंब थेट भिंगाला लागतो. ही ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलीमीटर जाडीची कव्हरस्लिप धरूनच घडवलेली असतात, त्यामुळे दोन स्लिपा चिकटून आल्या तरी चित्र दुधाळ होतं.

आता पळणाऱ्या जिवांचं. पॅरामिशियम सेकंदाला सुमारे एक मिलीमीटर पोहतो. शटर १/५० असेल तर तेवढ्यात तो २० मायक्रॉन सरकलेला असतो, फोटो फराटा होणारच. १/१००० वर ते अंतर एक मायक्रॉनवर येतं, पण मग उजेड भरपूर लागतो. त्यापेक्षा देवघरातल्या फुलवातीचा कापूस घ्या. चिमटीत येतील तेवढेच तंतू सुटे करून थेंबात पसरा आणि वर कव्हरस्लिप ठेवा. तंतूंच्या लहान लहान खोल्या होतात, जीव त्यांत फिरत राहतो पण पळून जात नाही. तूप लावलेल्या वाती चालणार नाहीत.

कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे कणभर पाय केले तर डॅफ्नियासारखे (पाणपिसू) मोठे जीव चिरडत नाहीत. चारही कडा व्हॅसलिनने बंद केल्या तर माळव्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेतही थेंब बराच वेळ टिकतो.

पाणी कमी पडलं म्हणून नळाचं घालू नका. नर्मदेचं पाणी आपल्या घरी क्लोरीन घालूनच येतं. ज्या बाटलीतून नमुना आणला, तिच्यातलंच पाणी फडक्याने गाळून वापरा.

नमुन्यासाठी सिरपूरच्या तळ्यात उतरायची गरज नाही. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आले, तिथे आधी पक्ष्यांचा हक्क. गच्चीतल्या कुंडीखालची बशी, पावसाळ्यात भिंतीवर धरलेलं मॉस, एवढ्यात महिनोन् महिने पुरेल इतकं सापडतं. साठवलेल्या पाण्यावर मात्र फडकं बांधा, डेंग्यूचे डास असल्याच पाण्यात अंडी घालतात.

डाग कुठला?

फोटोत एकाच जागी काळा ठिपका येत असेल तर सगळं पुसत बसू नका. स्लाइड सरकवा. ठिपका बरोबर सरकला तर तो स्लाइडवर आहे. आयपीस फिरवल्यावर फिरला तर आयपीसवर. कंडेन्सर वर-खाली केल्यावर अंधुक किंवा ठळक झाला तर कंडेन्सरवर नाहीतर दिव्याच्या काचेवर. कशानेच हलला नाही तर सेन्सरवर, तिथे फक्त हवेचा रबरी फुगा वापरायचा. शर्टाच्या टोकाने भिंग पुसणं आजपासून बंद. पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुरशीने खाल्लेलं भिंग परत येत नाही.

मोबाइल लावून काढणाऱ्यांसाठी

१०च्या आयपीसमधून ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका जेमतेम ०.८ मिलीमीटर रुंद असते. हाताने धरलेला मोबाइल तिच्यावर टिकूच शकत नाही, म्हणून चित्र काळं होतं. क्लॅम्पचं अडॅप्टर घ्या आणि ४च्या ऑब्जेक्टिव्हवर जुळवून मग वर चढा. मॅक्रो मोड बंद करा, नाहीतर फोन मधेच दुसऱ्या भिंगावर उडी मारतो. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, फोटो टायमरने काढा.

कूलर चालू असलेल्या खोलीत ४०वर स्थिर फोटो मिळत नाही. आमच्याकडे दुपारची जेवणं आटोपली की मायक्रोस्कोप स्वयंपाकघराच्या दगडी ओट्यावर जातो. घरात त्याच्याइतकं जड आणि स्थिर काही नाही.

राहिलं मोजमाप. फोटोखाली "४०० पट" लिहू नका, पडद्याचा आकार बदलला की तो आकडा खोटा ठरतो. एक मिलीमीटरचे १०० भाग कोरलेली स्लाइड, म्हणजे स्टेज मायक्रोमीटर, मिळाला तर प्रत्येक ऑब्जेक्टिव्हवर त्याचा एक फोटो काढून ठेवा, एक घर १० मायक्रॉनचं. नसेल तर निदान ४च्या ऑब्जेक्टिव्हवर पारदर्शक मोजपट्टीचा.

त्या मुलाने मंगळवारी फोटो पाठवला: कापसाच्या तंतूंमध्ये थांबलेला रोटिफर हा इवलासा पाणजीव, डोक्यावरची दोन्ही चक्रं उघडलेली. खाली लिहिलं होतं, "१०चं ऑब्जेक्टिव्ह, सकाळ, तुळशीखालची बशी." कॅमेरा तोच. मायक्रोमीटर माझ्याकडे आहे, येत्या रविवारी त्याला घेऊन मापं बसवून देईन.