एकाच विकी पानावर चौघे लिहीत असाल तर

नाशिकची मंदिरं, घाट यांची माहिती चार-पाच जणांनी मिळून मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) लिहायला घेतली, की सगळ्यात आधी प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा. एकच लॉगिन सगळ्यांनी वापरणं ही सगळ्यात महागात पडणारी सोय आहे. दोन वेगळ्या खात्यांचे बदल एकमेकांवर आले, तर मागून जतन करणाऱ्याला सॉफ्टवेअर अडवतं, हीच टक्कर. खातं एकच असेल आणि अख्खं पान उघडून लिहिलं असेल, तर आधीचा बदलही तुमचाच असं धरून ते इशारा न देता त्यावर नवा मजकूर ठेवतं. आधीच्याचं तासाभराचं काम पानावरून जातं, ते त्याला कळतही नाही.

दुसरं म्हणजे ओळी. मीडियाविकी दोघांचे बदल ओळीओळीने जुळवून पाहतं आणि जमलं तर आपणच एकत्र करतं. पण त्याच्या लेखी ओळ म्हणजे एंटर दाबेपर्यंतचा सगळा मजकूर. कपालेश्वराचा आठ वाक्यांचा परिच्छेद सलग लिहिला असेल, तर ती एकच ओळ. एकाने दुसऱ्या वाक्यात 'इथे महादेवासमोर नंदी नाही' हे घातलं आणि दुसऱ्याने सातव्या वाक्यात पायऱ्यांबद्दल लिहिलं, तरी टक्कर होणारच. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर एकदा एंटर दाबा. वाचणाऱ्याला परिच्छेद सलगच दिसतो. तो तुटतो मध्ये रिकामी ओळ सोडल्यावर. फक्त ताऱ्याने (*) सुरू होणाऱ्या यादीत असं करू नका, तिथे मुद्दा मोडतो. दोघांच्या बदलांमध्ये न बदललेली निदान एक ओळ हवी, अगदी लागून असलेल्या ओळीही अडकतात.

तक्त्याला हेच लागू. काळाराम, नारोशंकर, सुंदरनारायण अशा दोन नोंदींमध्ये उभी रेघ आणि आडवी रेघ यांची जी ओळ (|-) येते, तीच हे अंतर राखते. यादीत मात्र सगळे शेवटी भर घालायला जातात आणि तिथेच आपटतात. यादी अकारविल्हे ठेवली की भर वेगवेगळ्या जागी पडते.

पानाच्या वरचं 'संपादन' न दाबता त्या त्या मथळ्याशेजारचं दाबा. 'झलक पहा'ने काही जतन होत नाही, तेव्हा दर दहा-पंधरा मिनिटांनी जतन करा. पान उघडं ठेवून जेवायला जाऊ नका. मोठी उलथापालथ करायची असेल तर आधी 'काम चालू' ही पाटी, नाव आणि वेळ घालून, लगेच जतन करा. ती कुलूप नव्हे, विनंती आहे. दोन तासांहून जुनी पाटी कुणीही काढावी, असं आधीच ठरवून ठेवा.

एवढं करूनही टक्कर झालीच, तर दोन चौकटी दिसतात. वरच्या चौकटीत सध्या जतन असलेला मजकूर असतो, खालच्या चौकटीत तुमचा. जतन होतं ते फक्त वरचं. आधी खालचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा, मग नेमकी तुमची वाक्यं वर नेऊन घाला. सगळा मजकूर वर चिकटवलात तर समोरच्याचं काम तुमच्या हातून पुसलं जाईल.

तसं आधीच झालं असेल तर 'इतिहास' उघडा, जुनी आवृत्ती काढा आणि हरवलेल्या तेवढ्याच ओळी आजच्या पानात आणा. अख्खं पान मागे नेलं, तर त्यानंतर इतरांनी घातलेलंही जाईल.