आभाशी नोंदी जोडा, प्रोत्साहन निधी मिळवा: छोट्या रुग्णालयासाठी आणि लॅबसाठी

आयुष्मान भारत डिजिटल मिशनची डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजना 1 जानेवारी 2023 पासून लागू झाली. पैसे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण देते. मात्र संगणक किंवा सॉफ्टवेअर घेतले म्हणून एक रुपयाही मिळत नाही. मिळतो तो रुग्णाच्या आभा क्रमांकाशी, म्हणजे त्याच्या डिजिटल आरोग्य खात्याशी, जोडलेल्या नोंदींवर (प्रिस्क्रिप्शन, लॅब रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड), आणि तोही ठरावीक संख्या ओलांडल्यानंतर. म्हणून विक्रेत्याला बोलावण्याआधी आकडेमोड करून घ्या.

2023 मध्ये योजना सुरू झाली तेव्हाच्या आदेशानुसार दहा किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयाला दरमहा प्रत्येक खाटेमागे 100 नोंदींपर्यंत काही मिळत नव्हते. पुढच्या प्रत्येक नोंदीला 20 रुपये मिळत. लॅबसाठी ही मर्यादा महिन्याला 500 होती, आणि पुढे नोंदीमागे 15 रुपये. आता याच दराने 20 खाटांचे रुग्णालय घ्या. मर्यादा 2000. ओपीडीत रोज 60 रुग्ण, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 1560 प्रिस्क्रिप्शन. एवढ्यावर हाती शून्य. त्यात 800 लॅब रिपोर्ट आणि 150 डिस्चार्ज कार्डे जोडली की आकडा 2510 वर जातो आणि 510 नोंदींचे 10,200 रुपये होतात. खाटा जास्त आणि ओपीडी रोडावलेली असेल, तर या योजनेच्या भरवशावर खर्च काढू नका. रोज 80 रुग्णांचे रिपोर्ट देणाऱ्या लॅबचे गणित मात्र सहज बसते. दर आणि मुदत यांत बदल होतात, तेव्हा योजना चालू असल्याची खात्री करा आणि अर्जाच्या दिवशी लागू असलेला आदेश वाचा.

पहिले काम नोंदणीचे. प्रत्येक डॉक्टरची नोंद एचपीआरमध्ये, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदवहीत, करा आणि संस्थेची एचएफआरमध्ये, म्हणजे आरोग्य संस्थांच्या नोंदवहीत. डॉक्टरचे नाव आधारवर एक आणि वैद्यकीय परिषदेच्या प्रमाणपत्रावर दुसरे असले की पडताळणी तिथेच अडकते. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी हे आधी निस्तरावे. एचएफआरमध्ये खाटांची संख्या नर्सिंग होमच्या परवान्यावर आहे तेवढीच भरा. मर्यादा खाटांवरून ठरते, म्हणून खाटा कमी दाखवण्याचा मोह होतो, पण परवाना शेजारी ठेवला की चूक लगेच दिसते.

मग सॉफ्टवेअर. विक्रेता ‘आमचे सरकारमान्य आहे’ म्हणेल. त्याला नेमके विचारा की एम1, एम2, एम3 यांपैकी कोणते टप्पे पूर्ण झाले आहेत. एम1 मध्ये आभा तयार करणे आणि तपासणे, एम2 मध्ये नोंद तयार करून जोडणे, एम3 मध्ये रुग्णाच्या संमतीने दुसरीकडच्या नोंदी पाहणे. एम2 नसेल तर प्रोत्साहन नाही. नुसते डेमो पाहून मान डोलावू नका. समोर एक प्रिस्क्रिप्शन जोडायला लावा आणि ते रुग्णाच्या फोनवरच्या आभा अॅपमध्ये उघडते का, ते बघा. एचएफआरमध्ये आपल्या संस्थेला ते सॉफ्टवेअर जोडायचे राहिले, तर बाकी सगळे ठीक असूनही नोंदी आपल्या नावावर येत नाहीत. योजनेची वेगळी नोंदणी आणि बँक खात्याचा तपशीलही याच सुमारास पूर्ण करा.

खरी गळती काउंटरवर होते. क्यूआर स्कॅन करून रुग्णाला टोकन मिळते, आणि कर्मचाऱ्याला वाटते काम झाले. ती फक्त ओपीडीची नावनोंदणी असते. डॉक्टरने केस पेपर हातानेच लिहिला, तर जोडायला काही उरतच नाही. नाव, लिंग आणि जन्मवर्ष आधारप्रमाणे नसेल तर जोडणी फसते. ‘बाळू’ लिहिलेला रुग्ण आधारवर ‘बाळासाहेब’ निघतो. जन्मवर्ष अंदाजे टाकण्याची सवय तर आजपासूनच बंद करा.

आधारशी जोडलेला मोबाईल रुग्णाजवळ नसेल, तर रिसेप्शनचा नंबर टाकून आभा काढू नका. पुढे त्याच्या तपासण्यांचे संदेश रुग्णालयाच्याच फोनवर येत राहतात. नातेवाईक तो मोबाईल घेऊन येईपर्यंत थांबा. आभा ऐच्छिक आहे. रुग्णाने नको म्हटले तर कागदावर उपचार करा.

पहिले तीन महिने दर शनिवारी दोन आकडे शेजारी मांडा: आलेले रुग्ण आणि जोडलेल्या नोंदी. तफावत एकाच डॉक्टरच्या दिवशी दिसली, तर त्यांच्या टेबलावर प्रिस्क्रिप्शन टाइप करणारा सहायक बसवा. रोजच दिसली, तर सॉफ्टवेअरवाल्याला फसलेल्या जोडण्यांची यादी मागा. ही यादी देणे, तसेच करार संपल्यावर सगळ्या नोंदी परत देणे, या दोन अटी करारात आधीच लिहून घ्या.