बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

डिसेंबरातल्या पहिल्या गार सकाळी अकोल्यातल्या आमच्या बॅटरीच्या दुकानापुढे ढकलत आणलेल्या दुचाकी गाड्यांची रांग लागते. सगळ्यांचं म्हणणं एकच : "ताई, थंडीनं बॅटरी बसली." थंडीनं फक्त दाखवून दिलेलं असतं. नुकसान झालेलं असतं एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसच्या वर होता तेव्हा.

बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं गंधकाम्ल असतं. उष्णतेनं प्लेटा लवकर गंजतात, पाणी उडतं आणि गाडी नुसती उभी असली तरी चार्ज आपोआप उतरतो. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. त्यात बॅटरी बसते सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरमागे, इंजिनाच्या धगीला. उन्हाळाभर ती कशीबशी चालते, कारण गरम इंजिन फिरवायला सेल्फला, म्हणजे बटणानं इंजिन चालू करणाऱ्या मोटरीला, जोर कमी लागतो. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फ जास्त करंट मागतो आणि आतून खंगलेल्या बॅटरीला तो देता येत नाही. म्हणून विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात बॅटरीची काळजी मार्चपासून घ्यायची असते. गाडी सावलीत लावणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

आता दुसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. नवी बॅटरी मागायच्या आधी जुनी तपासून घ्या. "गाडी सेल्फच नाही घेऊन राहिली, नवी टाकून द्या," असं म्हणत आलेल्या कितीतरी गाड्यांत बॅटरी ठणठणीत असते आणि टर्मिनलचा (वायर जोडतात त्या टोकाचा) स्क्रू ढिला असतो किंवा त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते. सेल्फ दाबल्यावर नुसता 'टक-टक' आवाज आला, तर आधी टर्मिनल बघायचं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, नीट कोरडं करा, स्क्रू आवळा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्या. उघडताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. हा क्रम पाळला तर पाना चुकून चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) लागला तरी ठिणगी उडत नाही.

त्यानंतर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र. साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि घरात दोन गाड्या असतील तर तो असायलाच हवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी, चावी न लावता मोजा. पाण्याची (वरून पाणी घालावं लागतं ती) बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे; मेन्टेनन्स फ्री (सीलबंद, पाणी न लागणारी) असेल तर १२.८ किंवा थोडं वर. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली आली असेल तर लगेच चार्जिंगला लावा, कारण रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते नंतर विरघळत नाहीत. मग मीटर तसाच लावून सेल्फ मारा. त्या क्षणी आकडा ९.५ च्या खाली कोसळला आणि बॅटरी आधी पूर्ण भरलेली होती, तर तिचं काम संपलं.

तरीही थांबा. गाडी चालू करून थोडी रेस द्या. मीटरवर १३.५ ते १४.५ च्या आसपास यायला हवं. १३ च्या खालीच घुटमळत असेल तर मॅग्नेट कॉइल (इंजिनावर वीज तयार करणारी), रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करून देणारा) किंवा मधला कपलर (वायरींचा जोड) यांत दोष आहे आणि नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल. १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायर ओव्हरचार्ज करतोय; अशी बॅटरी फुगते, पाण्याची असेल तर पाणी भराभर आटतं. ही तपासणी न करता बॅटरी विकणं मला पटत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा जातात.

चार्जिंग बरोबर, बॅटरीही बरी, तरी दोन-तीन दिवसांत उतरते? मग गाडी बंद असताना कुणीतरी करंट ओढतंय. बहुतेक वेळा ते नंतर बसवलेलं असतं : अलार्म, जीपीएस, हँडलवरचा मोबाइल चार्जर, रिलेशिवाय जोडलेले फॉग लाइट. हे सगळं चावीच्या लाइनवर (चावी बंद केली की बंद होईल असं) आणि फ्यूज लावूनच घ्या.

बॅटरी खरंच बदलायची ठरली, तर पहिला नियम : कंपनीनं दिली तेवढ्याच एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) घ्या. स्प्लेंडरसारख्या गाडीला साधारण ३ ते ४ एएच, पल्सर १५० ला ८ ते ९, जुन्या सेल्फवाल्या बुलेटला १४. "जरा मोठी टाका ना ताई" असा आग्रह बरेच जण करतात. मोठी बॅटरी खोक्यात नीट बसत नाही, हादऱ्यानं हलते आणि छोट्या गाडीचं चार्जिंग गावातल्या गावात फिरताना तिला पुरं पडत नाही. लहान टाकली तर सेल्फच दमतो. दुसरं, पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते जुन्या बॅटरीशी ताडून बघा. वायर ताणून उलटसुलट जोडण्याच्या नादात फ्यूज जातो, कधी रेक्टिफायरही.

तिसरं म्हणजे तारीख. प्रत्येक बॅटरीवर उत्पादनाचा महिना-वर्ष कोडमध्ये ठोकलेलं असतं. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, म्हणून दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा आणि सहा महिन्यांपेक्षा जुना माल नाकारा. पैसे देण्याआधी काउंटरवरच व्होल्टेज मोजून मागा. पाण्याची नवी बॅटरी घेत असाल तर ॲसिड भरल्या भरल्या गाडीत बसवू देऊ नका. ॲसिड भरून अर्धा तास प्लेटांत मुरू द्यावं लागतं आणि मग हळू करंटवर काही तास पहिलं चार्जिंग करावं लागतं. गिऱ्हाईक घाईत असतं, दुकानदारही. पण हे पहिलं चार्जिंग चुकलं की बॅटरी जन्मभर पूर्ण क्षमतेला येत नाही. वॉरंटी कार्डावर गाडीचा नंबर, तारीख आणि शिक्का तिथेच घ्या. फुकट बदलून मिळण्याची मुदत किती आणि त्यानंतरची प्रो-राटा (वापराच्या प्रमाणात थोडी सूट देऊन बदलण्याची) मुदत किती, हे विचारून ठेवा.

पाण्याची की मेन्टेनन्स फ्री? रोजच्या गाडीला मेन्टेनन्स फ्री घ्या. आडवी पडली तरी ॲसिड सहसा सांडत नाही, पाणी बघावं लागत नाही. मात्र तिचं झाकण उघडून पाणी घालायचा प्रयत्न कधीही करू नका. लिथियमची बॅटरी हलकी असते, पण महाग आणि तिला चार्जरही तिचाच लागतो. कॉलेजला-शेताला जाणाऱ्या गाडीला तिची गरज नाही.

जुन्या गाडीत पाण्याची बॅटरी असेल, तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघा. वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये पाणी हवं. घालायचं फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड नाही, कारण उडून गेलेलं असतं ते पाणीच. आमच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात (जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागात) तर बोअरचं पाणी बॅटरीला विषच. त्यातले क्षार प्लेटा खातात. आरओचं पाणीही चालत नाही, त्यात थोडे क्षार उरतातच. बाटली स्वस्त आहे, तीच आणा. बॅटरीची बारीक व्हेंट नळी (आतला वायू बाहेर सोडणारी) कुठे दबलेली नाही ना आणि तिचं तोंड चेनवर येत नाही ना, हेही बघा.

चार्जिंगबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. करंट एएचच्या दहाव्या भागाइतका असावा : ४ एएचला ०.४ अँपिअर, ९ एएचला ०.९. काही ठिकाणी दुचाकीची बॅटरी ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांच्या ओळीत एकामागे एक जोडून देतात. अशा जोडणीत सगळ्यांमधून सारखाच करंट जातो. ट्रॅक्टरच्या बॅटरीला सोसेल तो ८-१० अँपिअर त्या छोट्या बॅटरीला उकळून काढतो. तासाभरात ती गरम लागते, संध्याकाळी 'फुल झाली' म्हणून परत मिळते आणि आठवड्यात मरते. चार्जिंगला देताना स्वतंत्र लावा असं ठासून सांगा. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. जवळ बिडी, काडी, ठिणगी नको. ॲसिड डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना हे सगळं जास्त लागू पडतं. बहुतेकांत फ्युएल इंजेक्शन आहे. पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) बॅटरीवर चालतात. बॅटरी पार उतरली तर बऱ्याच गाड्या धक्क्यानंही चालू होत नाहीत, आणि किक अनेकांना नसतेच. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांचा हेडलाइटही कायम चालू असतो. घर ते चौक, चौक ते घर अशा फेऱ्यांत सेल्फनं घेतलेलं भरून येत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग गाडी चालवा. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून बघायची जुनी सवय असेल तर ती सोडा. व्होल्टेज उसळून ईसीयू जाऊ शकतो.

मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि गाडी दारात उभी आहे, हे आमच्याकडे घरोघरी. निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा हळू चार्ज करा. नुसती पाच मिनिटं रेस देऊन बंद केल्यानं फायदा नाही, उलट सेल्फचा खर्च तेवढा होतो.

बदललेली बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नका, ॲसिड नालीत ओतू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानात दिली तर नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसे वजा होतात. आणताना उभी ठेवा, टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि डिकीत चाव्या-पान्यांसोबत ठेवू नका.