प्रबंधिका लिहायला बसण्यापूर्वी: संदर्भांची तयारी

पहिला परिच्छेद लिहिण्याआधी आपल्या विभागाला कोणती संदर्भपद्धती हवी आहे, हे मार्गदर्शकांना विचारून घ्यावे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीत मजकुरात लेखकाच्या नावालगत प्रकाशनवर्ष येते, तर एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीत तेथे नाव आणि पृष्ठांक पुरतात. निम्मी प्रबंधिका झाल्यावर पद्धत बदलणे फार जिकिरीचे होते.

पुस्तक हातात असतानाच शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागचे पान पाहून लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, आवृत्ती व वर्ष टिपावे. मुखपृष्ठावर विसंबू नये. पुनर्मुद्रण म्हणजे नवी आवृत्ती नव्हे, आणि जी प्रत आपण वाचली तिचेच तपशील द्यायचे असतात, कारण आपण दिलेले पृष्ठांक तिच्यातलेच असतात. जुन्या ग्रंथावर केवळ शकवर्ष असेल, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढता येतो; मात्र वर्षअखेरच्या महिन्यांत, विशेषतः माघ-फाल्गुनात, ७९ मिळवावे लागतात, म्हणून मूळ शकवर्षही सोबत नोंदवलेले बरे. टोपणनावांचेही आधीच ठरवावे. कुसुमाग्रज या नावाने कविता आणि वि. वा. शिरवाडकर या नावाने नाटके प्रसिद्ध झाली असल्याने, पुस्तकावर छापलेले नाव कायम ठेवून दुसऱ्या नावाचा निर्देश करावा.

टिपणवहीत शब्दशः उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत आणि स्वतःच्या शब्दांतला सारांश वेगळा ठेवावा. पृष्ठांक मात्र दोन्हींपुढे हवा, कारण शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचाच राहतो. मूळ ग्रंथ न पाहता अन्य पुस्तकातून घेतलेले अवतरण तसे स्पष्ट सांगूनच वापरावे. मराठी विश्वकोशातील नोंद घेतल्यास तिच्या शेवटी असलेले नोंदलेखकाचे नाव वगळू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, आणि त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते. काहीजण या १० टक्क्यांना उचलेगिरीची मुभा समजतात, हे चुकीचे आहे. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून मुळातच वगळल्या जातात.

सादर करण्यापूर्वी मजकुरातील प्रत्येक निर्देश सूचीत आहे ना आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात वापरली आहे ना, हे छापील प्रतीवर खूण करत ताडून पाहावे आणि मराठी ग्रंथांची यादी आडनावांच्या वर्णानुक्रमे लावावी.