ताण हलका करण्यासाठी रोजनिशी कशी लिहावी

कुणाचं तरी लागलेलं बोलणं, अर्धवट राहिलेलं काम, थकलेला हप्ता, घरातल्या कुणाचं दुखणं. अशा गोष्टी दिवसभर मनात घोळतात आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जास्तच जोर धरतात. त्या लिहून काढल्या की मन हलकं होतं, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. तरी बरेच जण थोडे दिवस लिहितात आणि लिहूनही फरक पडत नाही म्हणून सोडून देतात. माझ्या मते यात दोष त्यांच्या चिकाटीचा नसतो. तीच तक्रार रोज त्याच शब्दांत लिहिली, तर मनात उगाळलेलं दुःख कागदावर उगाळलं जातं, एवढंच. लिखाण पुढे सरकायला हवं: काय झालं, मग का झालं, मग आता काय करायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी अपेक्षा नीट ठरवू. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ४ दिवस रोज १५ मिनिटं लिहायला सांगितलं होतं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, तर काहींनी मनाला बसलेल्या धक्क्यांबद्दल. ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढच्या ६ महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात कमी वेळा जावं लागलं. मात्र लिहून होताच त्यांचं मन जास्तच खिन्न झालं होतं. पुढे असे प्रयोग पुष्कळ झाले. २००६ मध्ये जोअन फ्रॅटरोली यांनी १४६ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा फायदा खरा असला तरी सरासरीने लहान असल्याचं दिसलं. म्हणून रोजनिशीकडून चमत्काराची आशा धरू नका. झोप, व्यायाम, जिवाभावाच्या माणसाशी बोलणं यांच्या जोडीला ती ठेवा.

१. वही अशी ठेवा की ती फक्त तुमचीच राहील

ही सर्वांत आधीची अट. कुणी वाचेल अशी शंका मनात असली, की आपण नकळत सजवून लिहितो, स्वतःची बाजू मांडत बसतो किंवा नेमकं खुपणारं तेवढंच वगळतो. कुलूप असलेला खण, पासवर्ड लावलेली फाइल, नाहीतर सुटे कागद लिहून लगेच फाडणं, यांपैकी जे जमेल ते करा. फाडल्याने काही वाया जात नाही, कारण विचारांची जुळणी लिहितानाच झालेली असते.

हाताने लिहावं की मोबाइलवर, यावर फार खल करू नका. हाताने लिहिताना वेग कमी असतो आणि मधे सूचना वाजत नाहीत, म्हणून मला स्वतःला कागद बरा वाटतो. छापील तारखांची डायरी मात्र घेऊ नका. कोरी राहिलेली पानं उगाच टोचत राहतात. साधी वही घ्या आणि लिहाल त्या दिवशी तारीख घाला.

२. वेळ बांधून घ्या

१० ते १५ मिनिटं पुरतात. गजर लावा आणि तो वाजला की वाक्य पुरं करून थांबा. रोज लिहायलाच हवं असं नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा किंवा मन गढूळ झालं असेल त्या दिवशी लिहिलं तरी चालतं. जड विषयावर झोपायच्या तोंडावर लिहू नका. लिहून झाल्यावर काही वेळ मन भरून येऊ शकतं, तेव्हा नंतर थोडं चालणं किंवा हातातलं एखादं काम करायला अवकाश ठेवा.

३. घटनेपासून पुढच्या पावलापर्यंत लिहा

इथे सावकाश जाऊ, कारण सगळा फरक इथेच पडतो. आधी एक नोंद बघा:

"आज पुन्हा सगळ्यांसमोर बोलले. माझी इथे कुणाला किंमतच नाही. नेहमीचंच आहे. कंटाळा आलाय सगळ्याचा."

हे खोटं नाही, पण यातून हाती काही लागत नाही. 'नेहमीचंच', 'सगळ्याचा', 'कुणालाच' असे शब्द आले, की नेमकी घटना दिसेनाशी होते. आता तोच दिवस असा लिहिलेला बघा:

"दुपारच्या मीटिंगमध्ये अहवाल उशिरा दिल्याबद्दल साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. कान तापले, दातांवर दात आवळले गेले, नंतर तासभर कामात लक्ष लागलं नाही. राग आला, पण त्याहून जास्त अपमान वाटला. आकडेच मला काल संध्याकाळी मिळाले होते, आणि ते सांगायची संधी मिळाली नाही, म्हणून ही खदखद आहे. उशीर होणार हे परवाच कळलं होतं, तेव्हा मी कळवलं नाही, हेही खरं. उद्या सकाळी त्यांच्याकडे पाच मिनिटं मागायची. पुढच्या वेळी आकडे अडकले तर त्याच दिवशी ईमेल करायचा."

दुसऱ्या नोंदीत एक क्रम आहे. पहिल्यांदा घटना, अगदी साक्षीदाराने सांगावी तशी: कोण, कधी, काय बोललं. मग शरीरात काय झालं. आवळलेला जबडा, पोटात पडलेला गोळा, जड झालेले खांदे यांची नोंद ठेवली, तर काही आठवड्यांत आपला ताण आधी कुठे जाणवतो हे ओळखता येतं आणि वेळीच थांबता येतं.

त्यानंतर भावनेचं नेमकं नाव. 'वाईट वाटलं' यावर थांबू नका. ती भीती होती, मत्सर होता, अपराधीपणा होता, एकटेपणा होता, की हिरमोड? कॅलिफोर्नियातले मॅथ्यू लीबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले होते. त्या चेहऱ्यावरच्या भावनेला साजेसा शब्द निवडताना मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. धोक्याची जाणीव होताच सावध होणारा हा भाग आहे.

मग कारण. 'कारण', 'त्यामुळे', 'आत्ता लक्षात येतंय' हे शब्द मुद्दाम वापरा. ज्यांना लिहिण्याचा जास्त फायदा झाला, त्यांच्या लिखाणात असे शब्द दिवसागणिक वाढत गेल्याचं पेनेबेकर यांना आढळलं होतं. अर्थ पहिल्या दिवशी सापडेलच असं नाही. एकाच विषयावर तीन-चार दिवस लिहायला हरकत नाही, फक्त प्रत्येक दिवशी एखादी तरी नवी गोष्ट वहीत यायला हवी.

शेवटी पुढचं पाऊल, आणि तेही लहान. 'स्वभाव बदलायचा' हे पाऊल नव्हे. 'उद्या फोन करायचा' हे पाऊल. काही बाबतींत आपल्या हातात काहीच नसतं. अशा वेळी तसं स्पष्ट लिहा: "हे माझ्या हातात नाही." हे लिहिणं सोपं नसतं, पण त्याने निष्फळ धडपड थांबायला मदत होते.

शुद्धलेखन, अक्षर, वाक्यरचना यांकडे लक्ष देऊ नका. काही सुचेनासं झालं, तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा आणि पुढे चला.

४. विचार गोल गोल फिरू लागले तर

ज्यांना तेच ते घोळवायची सवय असते, त्यांना भावनांच्या लिखाणाचा त्रासही होऊ शकतो. दोन-तीन नोंदींत तेच वाक्य आलेलं दिसलं, तर पद्धत बदला. स्वतःबद्दल 'मी' ऐवजी स्वतःच्या नावाने लिहा: अमुक व्यक्तीला आज कशाची भीती वाटली, तिला तुम्ही काय सांगाल? मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या संशोधनात, ताणाच्या प्रसंगी स्वतःशी नाव घेऊन बोलणाऱ्यांना अस्वस्थता आवरायला मदत झाली होती. दुसऱ्याला धीर देताना आपण जितके समंजस असतो, तितके स्वतःशी क्वचितच असतो. नाव घेऊन लिहिलं की तो समंजसपणा स्वतःच्याही वाट्याला येतो.

एखादी आठवण लिहिताना हात कापू लागले, श्वास अडकला, तर तो विषय तिथेच सोडा. वही पुरी करण्याचं बंधन कुणी घातलेलं नाही. मोठा आघात, अत्याचार किंवा ताजा मृत्यू यांच्यावर एकट्याने लिहीत बसण्यापेक्षा समुपदेशकाची सोबत घेतलेली बरी. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि वैद्यकीय मदत घ्या. तेव्हा वहीवर विसंबू नका.

५. रात्री फक्त यादी

झोपण्यापूर्वी भावना बाजूला ठेवा आणि उद्याची कामं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी ५ मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारकाईने लिहिलेली, तितकी झोप लवकर. म्हणून 'बँकेचं काम' असं मोघम न लिहिता 'बँकेत जाताना कोणती दोन कागदपत्रं न्यायची' इतकं नेमकं लिहा.

चांगल्या घडलेल्या गोष्टींची यादीही काहींना मानवते. ती आठवड्यातून एकदा पुरे. दुखावलेलं असताना ते झाकायला मात्र ती वापरू नका. आधी दुखलं ते लिहा.

६. मागे वळून वाचा, पण रोज नको

प्रत्येक नोंदीशेजारी ताणाला ० ते १० पैकी आकडा द्या आणि आदल्या रात्री किती तास झोप झाली ते लिहा. महिन्यातून एकदा वही चाळा. मजकूर सगळा वाचायची गरज नाही. आकडे ८ च्या वर गेलेले दिवस शोधा आणि त्यांत सारखं काय दिसतं ते बघा. ठरावीक वार, ठरावीक माणूस, अपुरी झोप, नको असताना दिलेला होकार, असं काहीतरी पुन्हा पुन्हा सापडतं. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि पुढचा महिनाभर तिच्यात बदल करून बघा. आकडे खाली आले तर तो बदल ठेवा, नाहीतर दुसरी गोष्ट निवडा. वही संपली की जुन्या नोंदींतला उपयोगी भाग नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या: ताण चढू लागल्याची शरीराची खूण आणि त्या वेळी कामाला आलेला उपाय.