मुलांना नशेपासून लांब ठेवायचंय? मग आधी मोठ्यांना कामाला लावा

पहिल्या वर्षी आमच्या गटाने जे जे केलं, ते जवळपास सगळं वाया गेलं. प्रभातफेरी काढली, कवटीची चित्रं असलेले फलक लावले आणि शाळेत एका व्यसनमुक्त गृहस्थांचं भाषण ठेवलं. माणूस प्रामाणिक होता, तळमळीने बोलला. भाषण संपल्यावर नववीतल्या एका मुलाने हात वर केला. ‘काका, पहिल्यांदा घेतल्यावर नेमकं कसं वाटलं?’ वर्ग हसला, पण त्यानंतरचे सगळे प्रश्न त्याच वाटेने गेले. तासाभराच्या भाषणातून मुलांनी नेमकी किक तेवढी उचलली.

हा अनुभव काही फक्त आमचा नाही. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांबद्दल शिकवायचे. पालक खूश, शाळा खूश आणि कार्यक्रम देशभर पसरला. पुढे संशोधकांनी तो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा नशेच्या बाबतीत दोघांत टिकाऊ असा काही फरक सापडला नाही. नंतर तो अभ्यासक्रम बदलावा लागला. मुलांना घाबरवणं सोपं असतं आणि करणाऱ्यांना समाधानही मिळतं, म्हणून बहुतेक गट तिथूनच सुरुवात करतात. आम्हीही तेच केलं. पुढे जे लिहिलंय ते त्या वर्षानंतर शिकलेलं आहे.

माणसं जमवा, पण कोणती?

सहा-सात माणसं पुरतात. त्यात एक शिक्षक, एक डॉक्टर किंवा परिचारिका, दोन-तीन पालक, खेळ शिकवणारं कुणीतरी आणि सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं असावीत. ती मुलं शोभेपुरती नकोत, त्यांना मताचा अधिकार द्या. पुढाऱ्याला अध्यक्ष करायचा मोह आवरा. अध्यक्ष आला की हार आले, आणि हार आले की बैठकीची वेळ त्याच्या सोयीने ठरते. महिन्यातून एक ठरलेला दिवस, दीड तास आणि वही सांभाळणारा एक माणूस एवढ्यावर काम सुरू होतं.

अंदाज सांगू नका, मोजा

पहिल्या बैठकीत प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो की ‘आजकाल सगळीच पोरं घेतात.’ ‘सगळी’ म्हणजे किती ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून पहिलं खरं काम म्हणजे निनावी प्रश्नावली. आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलांकडून, वर्षातून एकदा, दर वर्षी त्याच महिन्यात ती भरून घ्या.

आधी पालकांना लेखी कळवा आणि शाळेची संमती घ्या. कागदावर नाव नको, हजेरी क्रमांक नको. भरताना शिक्षकांनी बाकांमधून फिरू नये. मुलाने स्वतः कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवावं आणि बाहेरच्या माणसाने ठेवलेल्या पेटीत टाकावं. मुलं या पेटीकडे फार बारकाईने बघतात. एक जरी पाकीट वर्गशिक्षकाच्या टेबलावर उघडं दिसलं, तर पुढची पाच वर्षं खरी उत्तरं विसरा.

‘कधी घेतलीस का’ एवढंच विचारून भागत नाही. गेल्या ३० दिवसांत काय घेतलं ते विचारा. दारू, सिगारेट, तंबाखू, व्हेप (ई-सिगारेट), गांजा, हुंगायची द्रव्यं, डॉक्टरने न दिलेल्या गोळ्या हे सगळं वेगवेगळं विचारा. ती वस्तू मिळवणं किती सोपं आहे आणि कुणाकडून मिळते तेही विचारा. मग त्याहून महत्त्वाचे प्रश्न येतात. शाळा सुटल्यावर कुठे असतोस? सोबत मोठं माणूस कोण असतं? रात्री बाहेर असलास तर घरच्यांना ठिकाण माहीत असतं का? आठवड्यातून किती वेळा एखाद्या खेळाच्या किंवा कलेच्या वर्गाला जातोस? यादीत अस्तित्वातच नसलेल्या एका अमली पदार्थाचं नाव घुसवा. ‘हो, घेतलाय’ म्हणणारे बढाईखोर त्यातून वेगळे काढता येतात. युरोपातल्या मोठ्या शालेय सर्वेक्षणातही ही युक्ती वापरलेली आहे.

आकडे जाहीर करताना एक पथ्य पाळा. एखाद्या गटात चार-पाचच मुलं असतील तर त्यांचा आकडा वेगळा सांगू नका, कारण गाव लगेच नावं जोडतं.

आमच्याकडे पहिल्या मोजणीत निघालेला आकडा मोठ्यांच्या अंदाजापेक्षा बराच कमी होता. मुलांचा आपल्या वर्गाबद्दलचा अंदाजही असाच फुगलेला होता. मुलांना वाटतं की सगळे घेतात, आपणच मागे राहिलोय. म्हणून खरा आकडा सर्वांत आधी मुलांना सांगा. मात्र तो खरोखरच कमी असेल तरच सांगा. रंगसफेदी केलेली मुलांना ताबडतोब कळते.

एक मोठा कागद आणि लाल पेन

परिसराचा नकाशा हाताने काढा आणि मुलांसमोर पसरा. आपण जिथे जायचं टाळतो तिथे लाल ठिपका, जिथे बरं वाटतं तिथे हिरवा. बोलायचं काही नाही, फक्त ठिपके. आम्ही बागेकडे बोट दाखवत होतो. मुलांनी बागेला हातही लावला नाही. लाल ठिपक्यांची गर्दी झाली ती बंद पडलेल्या पंपघराच्या मागे आणि शाळेच्याच मागच्या जिन्याखाली. जिन्याखालचा दिवा दोन वर्षं गेलेला होता. तो दुसऱ्या दिवशी बसवला. वर्षभरातलं आमचं सर्वांत स्वस्त काम तेच.

पालकांचा करार

बहुतेक गट इथे घाई करतात. तुम्ही करू नका. एकाच वर्गातल्या मुलांचे पालक एकमेकांना ओळखत नसतात, आणि मुलं त्याचाच फायदा घेतात. ‘सगळ्यांना अकरापर्यंत परवानगी आहे, फक्त मलाच नाही’ हे वाक्य प्रत्येक घरात चालतं, कारण कुणी दुसऱ्या घरी फोन करून विचारत नाही.

वर्गावार पालक बोलवा, शंभर-दोनशेची सभा नको. चार-पाच ओळींचा कागद तयार ठेवा. मुलं किती वाजता घरी येणार, कुणाच्याही घरी पार्टी असेल तर मोठं माणूस हजर असणार, अल्पवयीन मुलाला आमच्या घरात दारू मिळणार नाही, आणि दुसऱ्याचं मूल अडचणीत दिसलं तर आम्ही फोन करू, तसा फोन आम्हाला आला तर रागावणार नाही. शेवटच्या अर्ध्या ओळीवर सर्वांत जास्त चर्चा होते. होऊ द्या.

आमच्या पहिल्या बैठकीत मागच्या रांगेतल्या एका वडिलांनी विचारलं, ‘म्हणजे मी पण बंद करायची का?’ क्षणभर सगळे गप्प. शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘बंद करा असं या कागदात लिहिलेलं नाही. मुलाला ग्लास आणायला पाठवू नका, एवढं मात्र म्हणू.’ त्यांनी सही केली. सल्ला मोठा असता तर ते उठून गेले असते.

‘घरी आपल्यासमोर थोडी चाखू दिली की बाहेरची ओढ राहत नाही’ हा समज याच बैठकीत निघणार हे धरून चला. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला गेला. पालकांनी दारू दिल्याने मुलं सुरक्षित राहतात असं त्यात कुठेही दिसलं नाही. उलट त्या मुलांना पुढे बाहेरूनही दारू मिळण्याचं प्रमाण वाढलेलं होतं. दारूला हात लावायचं वय जितकं पुढे ढकलता येईल, तितका पुढच्या व्यसनाचा धोका कमी. निर्णयांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो.

रिकामे तास भरा

शाळा सुटते आणि घरातली मोठी माणसं कामावरून येतात, त्यामधले तीन-चार तास हाच खरा मुद्दा. आइसलँडने नेमकं हेच धरलं. तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होतं, २०१६ साली ते ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. तिथे शाळेनंतरच्या खेळ-संगीताच्या वर्गांवर सरकारी पैसा गेला, राजधानीत २००७ पासून मुलांच्या वर्गांच्या शुल्कासाठी कुटुंबांना अनुदान मिळू लागलं, पालकांचे गट संध्याकाळी रस्त्यांवर फेरी मारू लागले आणि १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकटं बाहेर राहायचं नाही असा नियम आला. देश चिमुकला, लोकसंख्या चार लाखांच्याही आत. शिवाय त्याच काळात इतर अनेक श्रीमंत देशांतही किशोरांचं पिणं घटलं. म्हणून सगळं श्रेय एका योजनेला द्यायला मी तयार नाही. पण दर वर्षी मोजायचं आणि मोजलेलं लगेच त्याच शाळेच्या पालकांसमोर ठेवायचं, ही त्यांची सवय मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

तुम्हाला अनुदान मिळणार नाही. एक खोली आणि एक मैदान मात्र मिळू शकतं. आठवड्यातून एकदाचं ‘शिबिर’ निरुपयोगी, चार दिवस ठरल्या वेळी उघडणारं दार हवं. काय ठेवायचं ते मुलांना ठरवू द्या. आम्ही बुद्धिबळ ठेवलं होतं, त्यांना सायकल दुरुस्ती आणि ढोलकी हवी होती. किल्ल्या एकाकडे न ठेवता तिघांकडे ठेवा. दार दोनदा बंद दिसलं की मूल तिसऱ्यांदा येत नाही.

आणि ‘बिघडलेल्या’ मुलांचा वेगळा गट कधीही करू नका. हेतू चांगला असतो, पण अशा गटात मुलं एकमेकांच्या उचापतींना हसून दाद देतात आणि त्या दादेनेच सवय पक्की होते. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ साली हे दाखवून दिलं. चाळीस जणांच्या सायकल-वर्गात तीन अशी मुलं मिसळून जातात.

माल येतो कुठून?

प्रश्नावलीतलं उत्तर बघा. बहुधा पहिलं नाव एखाद्या अनोळखी विक्रेत्याचं नसतंच. ते मोठ्या भावाचं, मित्राचं किंवा घरातल्या कपाटाचं असतं. उरलेल्या वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या मोजून, कुलपात ठेवा. मुदत संपलेल्या गोळ्या औषध दुकानात परत घेतात का ते विचारा.

दुकानदारांकडे आधी मोर्चा नेऊ नका, दोघे जण जाऊन बोला. वयाची खात्री कशी करतात ते विचारा, गर्दीच्या वेळी अडचण काय येते ते ऐका. तरीही विक्री चालू राहिली तर लेखी तक्रार करा, तारीख आणि वेळेसह. अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या मागे मात्र स्वतः जायचं नाही आणि मुलांना खबरी करायचं नाही. ते काम पोलिसांचं.

मूल सापडलं तर

एक तरी सापडणारच, तेव्हा नियम आधी ठरवून ठेवा. शाळेतून काढून टाकणं म्हणजे त्याच्या हाती दिवसाचे आणखी सहा रिकामे तास देणं. त्याऐवजी त्याच दिवशी पालकांशी बोलणं, आठवड्याच्या आत समुपदेशकाची भेट आणि शाळेतलं एक विश्वासाचं माणूस. घरी बोलताना नशेत असलेल्या मुलाशी वाद घालू नका, सकाळपर्यंत थांबा. ‘का केलंस’पेक्षा ‘काय झालं ते सांग’ असं विचारलं तर जास्त कळतं. रोजची सवय लागलेली असेल तर अचानक बंद करायला लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्याने झटके येऊ शकतात.

हे मुलांना पाठ करून घ्या: मित्र हलवूनही उठत नसेल, श्वास अगदी संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. ‘झोपला की उतरेल’ म्हणून जीव जातात. कॉफी पाजणं, थंड पाणी ओतणं, बळजबरीने उलटी करवणं यातलं काहीही करू नका. फोन करणाऱ्या मुलाला शिक्षा होणार नाही, हे शाळेने आणि पालकांनी आधीच लेखी जाहीर केलेलं असावं. नाहीतर मुलं घाबरतात आणि फोन करत नाहीत.

पुढच्या वर्षीचा कागद

पहिले निकाल मांडायची बैठक संपण्याआधी पुढच्या मोजणीची तारीख वहीत लिहा आणि पेटी कोण आणणार त्याचं नाव पुढे घाला. एका वर्षात आकडा हलला नाही तर खचू नका. आमचा दुसऱ्या वर्षी उलट थोडा वाढला होता. बहुधा मुलांचा पाकिटांवर विश्वास बसला म्हणून, असं आमच्या गटातल्या सतरा वर्षांच्या सभासदाचं म्हणणं. तिचं म्हणणं आम्ही वहीत नोंदवलं आणि तिसऱ्या वर्षी त्याच प्रश्नावलीच्या प्रती काढल्या, एकही शब्द न बदलता.